पहाटेचं कोरियन

"एक बाई आहे अन् एक बाप्या आहे, वहिनी. दोघंही तिच्याच तोंडातून बोलून राहिले," आत्या आईला सांगत होती. "मी दाराले कान लावून ऐकलं. बाप्या जाड आवाजात काहीतरी विचारते, अन् बाई रडक्या आवाजात जवाब देते. खोलीत तर ही एकटीच."

मी तोंड धुऊन येत होते. स्वयंपाकघराचं दार अर्धवट उघडं होतं आणि आईची पाठ दिसत होती. मी तिथेच थांबले, कारण आता आई हसेल आणि म्हणेल, अहो बाई, ते कोरियन आहे, तिच्या मुलाखतीची तयारी चाललीय, याची मला खात्री होती. मग आत्याही हसेल आणि मला दोन दिवस चिडवेल, असा माझा अंदाज होता. तेवढं मी सहन केलं असतं.

आई म्हणाली, "असं?" आणि तिने पोळी तव्यावर टाकली.

बाप्याही मीच होते आणि बाईही मीच. पुण्यातली एक कंपनी कोरियातून आलेली पॅकिंगची यंत्रं विकते आणि दुरुस्त करते. तिकडच्या इंजिनियरांचे फोन घ्यायला त्यांना कोणीतरी हवं होतं. लेखी परीक्षा मी घरूनच दिली होती आणि पास झाले होते. आता शनिवारी सकाळी दहाला व्हिडिओवर मुलाखत होती, पूर्ण कोरियनमध्ये. पदवी घेऊन मी मध्य प्रदेशाच्या हद्दीतल्या पांढुर्ण्यात घरी बसले होते, आणि घराबाहेर पडायचा एवढा एकच रस्ता माझ्यासमोर उघडला होता. म्हणून रोज पहाटे मी दार लावून, कानात इअरफोन घालून सराव करायचे. साहेबाचा प्रश्न जाड आवाजात, उत्तर माझ्या आवाजात. माझा आवाज रडका येतो, हे मला आत्यामुळे कळलं.

आत्या बाबांची मोठी बहीण. सासर सौंसरला. नागपूरला डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि सासरी आराम मिळत नाही म्हणून ती आमच्याकडे आली होती. तिला माझ्या शेजारची खोली दिली होती. एका डोळ्यावर हिरवी पट्टी असल्यामुळे असेल, तिचे कान फार तयार झाले होते.

पण राग मला आत्याचा आला नाही. तिला माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. वर्षभरापासून हा तास घरात चालू होता. आठवड्यातून दोनदा साडेपाचला माझ्या शिक्षिका फोनवर यायच्या, तेव्हा त्यांच्याकडे नऊ वाजलेले असायचे. निवृत्त बाई, बंदराच्या कुठल्याशा शहरात एकट्या राहणाऱ्या. त्यांना नावाने हाक मारायची नाही, 'सॉनसेंगनिम' म्हणायचं, म्हणजे बाई. आई मला चहा आणून द्यायची तेव्हा पडद्यावर वाकून त्यांच्याकडे बघायची. एकदा तिने हातही हलवला होता आणि मला म्हणाली होती, "जेवली का म्हणून विचार ना त्यांना." मी विचारलं. 'पाप मॉगॉस्सॉयो?' तिकडेही माणसं भेटली की हेच विचारतात. बाई खूश झाल्या. आईसुद्धा त्या दिवशी खूश होती.

लोक समजतात की मी मालिका बघून या नादाला लागले. मी त्यांना समजू देते. खरं कारण सांगायला लांबण लावावी लागते. मी इंग्लिश मीडियमची. शाळेत मराठी किंवा हिंदी तोंडातून निघाली की वर्गाबाहेर उभं करायचे. घरी सगळे वऱ्हाडी बोलायचे, दुकानात आणि बाबांच्या ऑफिसात हिंदी. मी प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी मनात तपासून घ्यायला शिकले: कुठल्या भाषेत आहे, कोणासमोर आहे, चुकलंय का. तपासून होईपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असायचं. मग मी बोलायचंच सोडलं. पाहुणे म्हणायचे, किती शांत मुलगी आहे. आई अभिमानाने मान डोलवायची. फी भरून तिने जे विकत घेतलं होतं, ते हेच होतं.

कोरियन मी मोबाईलवरच्या फुकट धड्यांपासून सुरू केलं. धडे इंग्रजीत होते. पहिल्याच धड्यात लिहिलं होतं की क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि शिकणाऱ्यांना हे फार जड जातं. मी ते दोनदा वाचलं. यात जड काय आहे, मला कळेना. पुढे सांगितलं होतं की नामाला मागून छोटे शब्द चिकटतात, 'ला', 'ने', 'त' यांच्यासारखे. तेही जड म्हणून. मोठ्यांशी बोलताना क्रियापदाचं शेपूट बदलतं, ते तर फारच जड. मला हे सगळं येत होतं आणि मी ते इंग्रजीतून शिकत होते.

मग एक दिवस सॉनसेंगनिमनी 'हागो इस्सॉयो' शिकवलं. आत्ता चालू असलेल्या कामासाठी ते वापरतात. 'हागो' म्हणजे करून आणि 'इस्सॉयो' म्हणजे आहे, असतो. 'करून आहे.' मी वहीत लिहिता लिहिता थांबले. आमच्याकडे आपण 'करून राहिलो' म्हणतो. शाळेतल्या मराठीच्या मॅडम नागपूरच्याच होत्या, तरी या एका शब्दासाठी त्यांनी मला वर्गासमोर तोंड वेडंवाकडं करून दाखवलं होतं. माझं वाक्य परत म्हणून दाखवलं होतं आणि सगळी मुलं हसली होती. इथे एक परकी म्हातारी बाई मला तोच साचा सावकाश, चार चार उदाहरणं देऊन शिकवत होती आणि मी बरोबर म्हटलं की टाळ्या वाजवत होती. मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त राग आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळलं नाही.

उच्चार मात्र खरंच अवघड होते. त्यांचे 'क' तीन आहेत. आपला 'क' त्यांच्या घट्ट 'क'जवळ जातो, आपला 'ख' त्यांच्या श्वासाच्या 'क'जवळ, आणि तिसरा दोघांच्या मधे कुठेतरी राहतो, धड हा नाही, धड तो नाही. तो मला सहा महिने सापडला नाही. एक स्वर असा आहे की हसू न येता हसल्यासारखे ओठ ताणायचे आणि 'उ' म्हणायचा. तो मला पहिल्याच दिवशी जमला. पाहुण्यांसमोर चहाचा ट्रे नेताना तोंड असंच असतं.

त्या एका तासात मी दिवसभरापेक्षा जास्त बोलायचे. काय खाल्लं, बाजारात काय मिळालं, संत्र्याच्या पेट्या भरताना आत पेपरचे तुकडे का घालतात, असलं काहीही. चुकायचं. सॉनसेंगनिम म्हणायच्या, 'क्वेंचानायो', चालेल, चालेल. चुकणं हे तिथे माझं कामच होतं. परक्या माणसाने चुकावं अशीच सगळ्यांची अपेक्षा असते. घरी मला ती सवलत कधी नव्हती.

तर त्या सकाळी आत्या आंघोळीला गेल्यावर मी आईजवळ गेले. ती मेथी निवडत बसली होती.

"तू त्यांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?"

"की ते कोरियन आहे."

आईने एक काडी बाजूला टाकली. "कोरियन म्हटलं की त्या विचारतील, कोणापाशी बोलते. मग विचारतील, काहून शिकते. मग म्हणतील, पोरीले एकटीले पुण्याला धाडून राहिले का. किती जवाब देऊ मी? बाधा म्हटलं की कोणी पुढचं विचारत नाही."

"पण मला बाधा नाही."

"नाही तर नाही. मारुतीचं दर्शन घेतल्यानं काय बिघडते?" मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "त्यांनी सौंसरचं स्थळ आणलं आहे तुझ्यासाठी. कापसाचे जिनिंगवाले आहेत. चांगले लोक आहेत. तेवढं नीट होऊ दे."

म्हणजे ठरलेलं होतं. बाधा उतरवायला लोक नेतात त्या जामसांवलीच्या मारुतीला जायचं, शनिवारी. तिथे शनिवारीच जातात, हे मला माहीत होतं. माझी मुलाखत शनिवारी आहे, हे आईला माहीत होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी स्वतः त्या तारखेभोवती गोल केला होता, गॅस सिलेंडरच्या नोंदीशेजारी.

आईला अंगात येण्यावर विश्वास आहे का, असं मला नंतर काही जणींनी विचारलं. नाही. तसा असता तर मला तिचं कमी वाईट वाटलं असतं. बाधा झालेल्या मुलीला बरं करता येतं आणि मग तिचं लग्न होतं. पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलीचं काय होतं, ते आमच्या घरात अजून कोणी पाहिलेलं नव्हतं. आईने ओळखीचा आजार निवडला.

संध्याकाळी बाबा ऑफिसातून आले. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून त्यांच्या कामाला अंत नाही, असं ते रोज म्हणतात. मी पाणी देताना म्हटलं, "बाबा, शनिवारी मुलाखत आहे."

"माहीत आहे ना. किती वाजता?"

"दहाला."

"मग काय. पहाटेच निघू, दर्शन करू, दहाच्या आत वापस. तुझ्या आत्याचंही मन राहते, तुझंही काम होते." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "टेन्शन नको घेऊ."

बाबांना दोन्ही बाजूंना हो म्हणायची सवय आहे. ऑफिसात त्याबद्दल त्यांचं कौतुक होतं.

आम्ही पहाटे निघालो नाही. आत्याच्या डोळ्यात औषध घालायचं होतं, ते घातल्यावर तिला थोडा वेळ पडून राहायचं होतं. बाबांना गाडी पुसायची होती. आईला आठवलं की रुईच्या पानांची माळ इथूनच न्यावी, तिथे महाग मिळते. मी नवा कुर्ता घातला होता. आईला वाटलं, सौंसरच्या स्थळाचं कोणी भेटलं तर म्हणून. मी ठरवलं होतं की दर्शनाला त्यांना जाऊ द्यायचं, आपण गाडीत बसायचं, काचा वर करायच्या आणि मुलाखत द्यायची. रस्त्यावर नेटवर्क कुठे जातं, कुठे येतं, ते मी खिडकीतून बघत होते. मंदिराजवळ चांगलं होतं.

गाडी लावली तेव्हा दहाला अजून वेळ होता. मी म्हणाले, "मी इथेच थांबते."

"तुझ्यासाठीच तर आलो," आत्या म्हणाली. "पाहा वहिनी, मंदिराचं नाव काढलं की कशी अडून राहिली. असंच करतात ते. आमच्या शेजारचीही पायरीपाशीच बसली होती."

आईने हात पुढे केला. "फोन दे. मंदिरात फोन नको. दर्शन झालं की देते."

मी दिला. आजूबाजूला नारळाची दुकानं होती, लोक होते, आणि लोकांसमोर आईला नाही म्हणायचं वाक्य मला कुठल्याच भाषेत तयार मिळालं नाही.

रांग हळू होती. आमच्या पुढे माझ्याच वयाची एक बाई होती. केस मोकळे, दोन्ही दंड घरच्यांनी धरलेले. ती डुलत होती आणि हिंदीत मोठमोठ्याने कोणाला तरी बोलत होती, बहुतेक सासरच्या कोणाला. तिला काय होत होतं ते मला माहीत नाही आणि त्याबद्दल बोलायचा मला हक्क नाही. मी एवढंच पाहिलं की तिला कोणी गप्प केलं नाही. लोकांनी वाट करून दिली. तिची सासू, निदान मला सासू वाटली ती, हात जोडून ऐकत होती. आत्याने मला कोपराने ढोसलं आणि हळूच म्हणाली, "घाबरू नको वं पोरी. तुझ्यातलं एवढं जोराचं नाही."

आणि आईच्या पर्समध्ये माझा फोन वाजला.

मला माझी रिंग ओळखू येते. आईलाही येते. तिने पर्स छातीशी दाबून धरली आणि समोर बघत राहिली, जिथून शेंदराचा रंग दिसू लागला होता. रिंग बंद झाली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाली. बाबांनी एकदा आईकडे पाहिलं, एकदा घड्याळाकडे, आणि मग ते पुढच्या माणसाला विचारू लागले की रांग आज नेहमीपेक्षा मोठी आहे का.

मी आईसमोर हात केला. तिने त्या हातात नारळ दिला.

त्यानंतरचं सगळं मी नीट केलं. नारळ चढवला, हात जोडले. पुजाऱ्यांनी सगळ्यांना देतात तसं तीर्थ मलाही दिलं. मला काय झालंय, हे त्यांनी विचारलं नाही. बाहेर आल्यावर आईने फोन दिला, स्वतःच्या पदराने पुसून. पडद्यावर कंपनीचा कोरियनमध्ये एक निरोप होता. अतिशय सभ्य भाषेत. आम्ही आपली वाट पाहिली, आपल्याला काही अडचण आली असावी. मी गाडीत बसून उत्तर लिहिलं, येत होती तेवढी सगळ्यात आदराची शेपटं लावून. क्षमा मागितली. कारण लिहिलं नाही. 'बाधा' या अर्थाचा शब्द मला येत नव्हता आणि शोधावासाही वाटला नाही. आठवड्याभराने त्यांनी कळवलं की जागा भरली. सॉनसेंगनिमना मी सांगितलं की तब्येत ठीक नव्हती. त्यांच्याशी बोललेलं हे माझं पहिलं खोटं वाक्य. व्याकरणाने ते अगदी बरोबर होतं, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत तरी 'छान' म्हटलं.

पण हे नंतरचं. त्या दुपारी आम्ही जामसांवलीहून सौंसरला आत्याच्या घरी गेलो. तिने पाय धुतले आणि लगेच फोन केला. मुलाची आई प्रसाद घ्यायला येणार आहे, असं ती म्हणाली. सहज. प्रसादाला कोणालाही बोलावता येतं.

बाई आल्या. जाडसर, हसऱ्या, हातात पिशवी. आत्याने त्यांना खोबऱ्याचा तुकडा आणि साखर दिली आणि माझ्याकडे बोट केलं. "आता काही नाही. तीर्थ घेतलं. डोळे पाहा कसे शांत झाले. मी तुमच्यापासून काहीच लपवलं नाही बाप्पा, पहिलेच सांगितलं होतं का नाही?"

"सांगितलं होतं," बाई म्हणाल्या. "होते असं पोरींना. आमच्या नणंदेलेही झालं होतं लग्नाच्या आधी. आता दोन लेकरं आहेत तिले."

म्हणजे बाधा स्थळापासून लपवलीही नव्हती. ती त्यांना आधीच सांगितली गेली होती. कोरियन लपवलं होतं. बाबा पंख्याकडे बघत होते. आई माझ्या कुर्त्याची बाही सरळ करत होती.

बाई माझ्या शेजारी येऊन बसल्या. त्या वाईट नव्हत्या, त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि दिवसभरात मला थेट काही विचारणारं हे पहिलंच माणूस होतं. "आता कसं वाटून राहिलं, बाई? ते आवाज येत नाहीत ना आता?"

माझ्या आधी आईने उत्तर दिलं. "नाही, नाही. आता काहीच बोलत नाही ती."

मी वाक्य तपासलं नाही. कुठल्या भाषेत आहे तेही पाहिलं नाही. आवाज रडका आला असेल, मला सांगता येणार नाही. मी बाईंकडे बघून म्हणाले, "मले काही झालं नव्हतं काकू. मी कोरियन शिकून राहिली. वर्ष झालं, आईले माहीत आहे, बाबालेही माहीत आहे. आज दहा वाजता पुण्याच्या नोकरीची माझी मुलाखत होती, अन् फोन आईच्या पर्समध्ये वाजून राहिला होता."